भूकंपराव दाराशी

येरवडा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञेश यास,
सप्रेम जय भीम.

मी कांताबाई. तुझ्या वडिलांची आई. ओळख सांगून ठेवलेली बरी, कारण माणूस कर्वेनगरात राहायला गेला की त्याला येरवड्याचं काही आठवत नाही असं दिसतं. उंचीने कमी, केस पांढरे, उजव्या गालावर तीळ. एवढ्यावरूनही लक्षात येत नसेल तर एखादा जुना फोटो शोध. पत्ता पाकिटाच्या मागे लिहायला सांगितलाय. बसचा नंबरही लिहिणार होते, पण दीपाली लिहिता लिहिता म्हणाली, आई, टोमणे पाकिटाच्या आत ठेवा.

फोन मी करत नाही. तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी बोललेलं सगळ्या गल्लीला ऐकू येतं. म्हणून हे पत्र. सांगते मी, लिहिते तुझी आई.

तक्रार अशी की जानेवारीचा अंक आला नाही. फेब्रुवारी निम्मा होत आला. सत्त्याहत्तर वर्षांत माझ्या स्वतःच्या नावाने टपालाने येणारी ही एकच गोष्ट, तुझी चित्रकथा 'अखिल दुष्ट मंडळ', आणि तीही तू वेळेवर पाठवत नाहीस. चित्रं तूच काढतोस, लिहितोस तूच, मग अडलंय कुठे?

रविवारी जेवणं झाली की दीपाली वाचते आणि मी चित्रं बघते. डिसेंबरचा अंक चारदा झाला. जगाचा नाश करायचा ठराव मांडायला सगळे दुष्ट जमतात, पण गणसंख्या भरत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब. मग चहा. चहात विष कोणी घातलं यावरून भांडण, आणि ती विषाक्का म्हणते, "मी नाही हो घातलं, मला हल्ली स्वतःलाच ॲसिडिटी होते." मी इतकी हसले की दीपालीने धावत पाणी आणलं. तो महाकाळोख, सगळ्या जगाचे दिवे विझवायला निघालेला, आणि स्वतः टॉर्चशिवाय जिना उतरत नाही. तोही बरा आहे.

पण माझा जीव भूकंपरावावर. लठ्ठ, मिशाळ, खांद्यावर टॉवेल. पाय आपटला की धरणीकंप व्हायचा, तर होतं काय, त्याच्याच स्वयंपाकघरातली मांडणी खाली येते. आणि बोलतो किती गोड. "अहो, जरा बाजूला होता का, मला पाय आपटायचाय." इतका सभ्य दुष्ट मी आजवर पाहिला नाही. कोणाला बघून काढलास रे? उगीच आपलं विचारते.

अंक पाठव. त्यात भूकंपराव दोन पानं जास्त असू दे. विषाक्काला कमी केलंस तरी चालेल.

तुझी आजी
कांताबाई (अंगठा)

ता. क. प्रज्ञेश, हे आईंनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे. भूकंपरावाचं मी बदलून वाचते. तू लिहिलंयस तसं माझ्याच्याने मोठ्याने वाचवत नाही. "मी बोलत असताना भिंतीनेसुद्धा मध्ये बोलायचं नाही" हे वाक्य मी या घरात पुष्कळ ऐकलंय. आईंना तो जसा आवडतो तसा राहू दे. तू काही बोलू नकोस.
मम्मी


कर्वेनगर,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,
जय भीम.

तू कोण ते आठवलं. फोटोही सापडला. त्यात तू माझा कान धरून उभी आहेस.

आजी, जानेवारीच्या अंकाला उशीर झालेला नाही. तो येणारच नाही. मालिका बंद झाली. शरच्चंद्र सरांनी, म्हणजे आपल्या प्रकाशकांनी, मला समोर बसवून सांगितलं. वाईट नाहीत ते. म्हणाले, "प्रत्येक अंकाला मी स्वतः हसलोय रे. पण माझ्याबरोबर हसायला कोणी येईना." दुकानांतून गठ्ठे तसेच परत येत होते. सोळा अंक छापले हीच मोठी गोष्ट म्हणायची. मी वाद घातला नाही. कपातला चहा संपवला आणि बाहेर आलो.

सतरावा अंक मी काढून ठेवला होता. तो आता कपाटात आहे. आणि मला नोकरी लागलीय. मोबाईलच्या ॲपमध्ये जी बटणं असतात ना, त्यांची चित्रं काढायची. परवा दिवसभर एक घंटा काढत होतो. साहेब म्हणाले, घंटा थोडी आनंदी वाटायला हवी.

भूकंपराव कोणाला बघून काढला असं विचारलंस. कोणालाच नाही. मनातून काढलाय. तो तुला आवडतो आणि गोड बोलतो असं वाटतं, याचं बरं वाटलं.

तब्येतीला जप. मी येतोच एकदा.

तुझा
प्रज्ञेश


येरवडा,
रविवार, २ मार्च २०२५

चि. प्रज्ञेश यास,
जय भीम.

पत्र पोचलं. दीपालीने वाचलं, मग मी म्हटलं पुन्हा वाच, मग म्हटलं राहू दे.

चांगल्या माणसांच्या मालिका टीव्हीवर बारा-बारा वर्षं चालतात, सून रडते आणि सासू डोळे वटारते. दुष्टांनीच काय घोडं मारलं होतं? त्या शरच्चंद्र सरांना सांग, हसायला कोणी येईना तर येरवड्याला यायचं होतं. मी एकटी चौघांचं हसते.

आता दोन गोष्टी सांगायच्यात. दीपाली, हे सगळं लिही, एक शब्द गाळू नकोस.

पहिली. मला अक्षर येत नाही, पण पेन दिसतं. मागच्या पत्राला मी अंगठा दिला, माझं सांगून संपलं, तरी तुझ्या आईचं पेन चालूच होतं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. भूकंपरावाचं ती बदलून वाचते, हेच लिहिलं असणार. अरे, चित्रात त्याचं तोंड एवढं उघडं, मानेच्या शिरा दोरासारख्या, समोरच्याची टोपी उडून छपरावर गेलेली, आणि हा म्हणे "अहो, जरा बाजूला होता का". मी अडाणी आहे, आंधळी नाही. पण वर्षभर ती बिचारी माझ्यासाठी त्याला सभ्य करत होती. तिला तेवढंच सुख, म्हणून मीही ऐकत होते. (आई, हे मी लिहिलंय. दीपाली.)

दुसरी. भूकंपराव कोणी नाही म्हणतोस. पुण्याच्या रहदारीत बावीस वर्षं बसचा क्लच दाबून माझ्या अभयचा डावा गुडघा गेला. सकाळी पायरी उतरताना तो पाय आधी टाकायचा, मग जरासा ओढायचा. तुझा भूकंपराव सोळा अंक डावा पाय ओढतोय. पहिल्याच अंकात दुसऱ्या पानावर तो पाठमोरा होता. मी पाठीवरून ओळखलं. लहानपणी मी दगडाने घासलेली पाठ आहे ती.

आणि आता तुला माहीत नाही ते. दीपालीलाही माहीत नाही, ती दवाखान्यात ड्युटीवर असायची. पहिले चार अंक मला अभयने वाचून दाखवले.

हो, तुझ्या पप्पाने. दोन वर्षं तुझं नाव घेतलं की ताट सरकवून उठणाऱ्या माणसाने. पाकीट माझ्या नावाचं, मला वाचता येईना, दुपारी घरात तोच. मी म्हटलं, बघ रे, काय पाठवलंय पोराने. "मला काय करायचंय," म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला. मग मोठ्याने वाचत सुटला. त्याचा आवाज तुला ठाऊक आहे, हळू वाचणं त्याला येत नव्हतं. भूकंपराव ओरडायचा तिथे तर त्याला आणखीच जोर यायचा. तुझ्या पप्पाची वाक्यं तुझ्या पप्पाच्याच तोंडून, आणि हा हसतोय. पोट धरून हसतोय. म्हणाला, "आई, पोरट्याने आमच्या डेपोतल्या साहेबाला हुबेहूब उचललंय. असाच डाफरतो मेला. याला साहेब भेटला तरी कुठे?"

मी म्हटलं, भेटला असेल कुठेतरी.

तिसऱ्या अंकात ते पान आहे. महाकाळोख मोठ्या हौसेने जग बुडवायचा नकाशा काढून आणतो आणि भूकंपराव तो टराटरा फाडतो, चार तुकडे करून जिन्यात फेकतो. त्या पानावर अभय वाचता वाचता थांबला. मी म्हटलं, काय म्हणतोय रे तो? तर त्याने पान उलटलं. म्हणाला, "या पानावर काही नाही."

मला चित्र दिसत होतं. तुझी चित्रांची वही फाडली होती त्या दिवशी जिन्यातले तुकडे मीच गोळा केले होते.

चौथा अंकही त्याने वाचला, तसाच हसत. आणि मागच्या वर्षी जानेवारीत गेला. तू आलास, तिसऱ्या दिवशी निघून गेलास.

मग पाचवा अंक आला. पाकीट उघडलं तर हा आत उभा, टॉवेल खांद्यावर, पाय ओढत. तू त्याची थट्टा करतोयस हे मला कळत होतं, बाळा. करू दे म्हटलं. थट्टेपुरता तरी महिन्यातून एकदा घरी येतोय. कोणाची आई एवढं मिळवते? आता तेही बंद. तो गेला तेव्हा मला आधी कोणी कळवलं नव्हतं. या खेपेला रीतसर टपालाने कळवलंस, आभारी आहे.

कपाटातली पानं पाठव. त्याचं शेवटी काय केलंस ते मला बघायचंय. मारलं असशील तरी बघेन, सवय आहे.

तुझी आजी
कांताबाई (अंगठा. याच्यापुढे पेन चाललं तर मला दिसेल.)


कर्वेनगर,
२३ मार्च २०२५

प्रिय आजी,
जय भीम.

तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसत होतो. ऑफिसात ती घंटा मंजूर झाली, तिचं कौतुकही झालं, आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडलो. सहकाऱ्यांना वाटलं घंटेमुळे.

मला वाटायचं, पप्पांनी ते पुस्तक हातातसुद्धा धरलं नसेल. आता खरं सांगतो. तिसऱ्या अंकातलं ते पान मी त्यांच्यासाठीच काढलं होतं. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरला नाही म्हणून त्यांनी माझी सहा वर्षांची चित्रं फाडली, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला एक शब्द बोलता आला नाही. म्हणून ते चित्रात काढलं. त्यांनी बघावं, चिडावं, फोन उचलून मला शिव्या द्याव्यात. छापून आल्यावर महिनाभर मी फोन उशाशी ठेवून झोपायचो. फोन आला नाही. मी म्हटलं, पोचलंच नाही. मग आणखी वाईट काढला त्यांना. चौथ्या अंकात तर जोकर केला. आणि चौथ्यानंतर बघायला ते राहिले नाहीत, तरी मी काढतच राहिलो. थांबलो असतो तर काय उरलं असतं हाताशी, ते मला कळत नव्हतं.

आजी, ओळखलं असेल का त्यांनी? या पानावर काही नाही, असं ते तुला म्हणाले की स्वतःला?

सोबत सतराव्या अंकाची आठ पानं आहेत. झेरॉक्स नाहीत, मूळ चित्रं आहेत, जपून हाताळा. बोलण्याचे फुगे सगळे रिकामे आहेत. चित्रं झाली आणि शब्द लिहायला बसलो, त्याच दिवशी सरांनी बोलावलं. मंडळाचं दिवाळं निघतं आणि दुष्टांना आपापल्या घरी जायला सांगतात. विषाक्का बहिणीकडे जाते. महाकाळोख टॉर्च बंद करून जिना उतरतो, एकटा. शेवटच्या पानावर भूकंपराव स्वतःच्या घराच्या दाराशी उभा आहे. पाय आपटायचा नाही म्हणून इतका जपून आलाय की मांडणीवरचा पेलाही हललेला नाही. तिथे एक मोठा फुगा आहे. त्यात मी चाळीस वाक्यं लिहून पाहिली. सगळी माझी वाटतात, त्यांचं एकही नाही.

तू त्यांना पन्नास वर्षं ऐकलंस. दारात उभे राहून ते काय बोलतील, तेवढं सांग. मी त्यात तेच लिहीन. छापणार कोणी नाही, तरी आपल्यापुरती दहा पुस्तकं मी हाताने शिवून बांधीन.

मम्मी, तुलाही विचारतोय.

तुझा
प्रज्ञेश


येरवडा,
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. प्रज्ञेश यास,
जय भीम.

पानं पोचली. पलंगावर धुतलेली चादर अंथरली, त्यावर आठही ओळीने मांडली, आणि पंखा बंद केला. उकाड्याने जीव गेला तरी चालेल, पण पान उडायला नको. तीन दिवस आम्ही दोघी जमिनीवर झोपलो.

एक गंमत सांगू? या खेपेला फुगे रिकामे, म्हणून दीपालीला जेवढं कळत होतं तेवढंच मला. ती बसली होती माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तशी. मी तिला पानं वाचून दाखवली. महाकाळोख जिना उतरतो तिथे ती रडली. शेवटच्या पानावर मात्र रडली नाही.

मी विचारलं, "दीपाली, काय म्हणेल गं हा?"

ती म्हणाली, "आई, 'चुकलं माझं' असं लिहूया."

मी म्हटलं, "ते तुला ऐकायचंय."

"हो," म्हणाली. "सत्तावीस वर्षं."

मग उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली. वाळले नव्हते, तरी काढून आणले. आता परत बसलीय आणि हे लिहिते आहे.

बाळा, मलाही तेच ऐकायचं होतं. तुला, तिला, मला, तिघांनाही. पण अभय ते कधी म्हणाला नाही. ओरडून झालं की बाहेर जायचा, कोपऱ्यापर्यंत, आणि परत येऊन दारात उभा राहायचा. गप्प. चौकट धरून. डोळे खाली. तोंडातून शब्द निघायचा नाही, एवढा मोठा आवाज असूनही. आता तो नाही म्हटल्यावर आपण त्याच्या तोंडात चांगलं वाक्य घातलं, तर तो दुसराच कोणीतरी होईल. तसा पुष्कळ बरा होईल. पण मला दुसरा नको आहे.

फुगाच पुसून टाक. तो गप्प उभा आहे, तसा राहू दे. तुला त्याचं एकही वाक्य सुचलं नाही म्हणतोस, कारण तिथे त्याचं वाक्य नव्हतंच. तू बरोबर काढलायस.

लिहायचंच असेल तर आतून एक लहान फुगा काढ. बाई दिसायला नको, नुसता दाराच्या आतून. त्यात लिही, "चप्पल बाहेर काढ." मी तेवढंच म्हणायचे. मग तो यायचा.

ओळखलं का, असं विचारलंस. खोटं सांगायचं तर आत्ता सांगता येईल. ओळखलं होतं, मनातून झुरत होता, असं काहीतरी. दीपाली लिहील आणि तू आयुष्यभर घडी घालून खिशात ठेवशील. पण मला ठाऊक नाही. मी त्याची आई आणि मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की त्या पानानंतर महिनाभरात त्याने मला तीनदा विचारलं, "आई, पुढचा अंक कधी येतो?" त्यातून काय घ्यायचं ते तू घे. मी काय घेतलं ते माझं मला राहू दे.

आता अंक नाही. पोस्टमन दारावरून जाईल आणि मी हात पुढे करणार नाही, एवढी अक्कल येईल हळूहळू. दुपारी पाय ओढल्याचा आवाज येईल असं अजून वाटतं, तेही जाईल म्हणतात. जाऊ नये असं वाटतं. कोणाला सांगू नकोस.

दहा पुस्तकं करशील त्यातलं एक तुझ्या आईच्या नावाने कर. आजवर सगळी माझ्याच नावाने आली, वाचली तिने. तिच्या पुस्तकात हवं तर मोठा फुगा ठेव, मोकळा. तिला वाटेल ते ती मनात म्हणेल, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचायला येणार नाही, मला येतच नाही.

चौदा एप्रिलला सगळी गल्ली निळी होते. लोक घरी येतात, समोर काहीतरी ठेवावं लागतं. माझे गुडघे आता मला चुलीपाशी उभं राहू देत नाहीत. म्हणून अर्धा किलो नानकटाई पाठव, तुपातली, तुमच्या तिकडच्या बेकरीतली. टपालाने पाठवू नकोस, चुरा होतो. कुणाच्या तरी हातून पाठव, हात कोणाचा ते मी विचारणार नाही. आणि दीपालीला वेलदोडा चालत नाही, तिची पुडी वेगळी बांध.

तुझी आजी
कांताबाई (अंगठा)